डिझेल इंजिन विकून सोलर पंप घ्यावा का? खानापूरपासून अथणीपर्यंतचा हिशेब

मलप्रभाकाठ (सोमवार, रात्री ९:४०)

मंडळी, नमस्कार. जरा लांबण लावतोय, खरं वेळ काढून वाचा. मला या पंधरा दिवसांत निर्णय घ्यायचा आहे.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मलप्रभेच्या काठाला आमची साडेतीन एकर जमीन. दोन एकर ऊस, बाकी भात आणि रताळी. पाण्याच्या दोन सोयी आहेत. नदीवर वडिलांनी घेतलेलं पाच एचपीचं डिझेल इंजिन, आणि वरच्या तुकड्यात बोर, त्यावर करंटची मोटर. मोटरीला बिल नाही, दहा एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला कर्नाटकात वीज फुकट आहे. खरं थ्री फेज दिवसातनं सात तास, आणि ते सात तास कधी येतील ते आपल्या हातात नाही. गेल्या उन्हाळ्यात आमची पाळी बरेच दिवस रात्रीची होती. दोनला उठायचं, बॅटरी घेऊन बांधावरनं जायचं. उसाच्या कडेला गवे उभे असतात. अंधारात आधी फक्त त्यांचा श्वास ऐकू येतो, मग बॅटरीच्या उजेडात डोळे. आमच्या भावकीतल्या एकाला स्टार्टरच्या पेटीखाली घोणस चावली. जिवावरचं निभावलं, खरं पायाची दोन बोटं गेली.

इंजिनाचं तसं नाही. हँडल मारलं की सुरू, कुणाची वाट बघायची नाही. २०१९ च्या ऑगस्टात पूर आला तेव्हा पाणी चढायच्या आधी आम्ही चौघांनी ते बैलगाडीत घालून देवळापाशी आणून ठेवलं. पाणी उतरल्यावर परत नेऊन बसवलं आणि तिसऱ्या हँडलला धरलं. खरं तासाला लिटरभर डिझेल पितंय, आणि लिटर नव्वदच्या घरात. सहा तास चालवलं की पाचशे चाळीस गेले. उन्हाळ्यात उसाला आठ-दहा दिवसांनी पाणी लागतंच.

आता पोरगा म्हणतोय इंजिन विकू, सरकारच्या कुसुम योजनेतनं अनुदानावर सोलर पंप घेऊ. भंगारवाल्याला बोलवूनही आणलं होतं, वजनावर भाव करत होता. वडील काही बोलले नाहीत. त्याच संध्याकाळी त्यांनी इंजिन पुसलं, ऑईल बदललं आणि ताडपत्री घालून ठेवलं.

ज्यांनी वापरलंय त्यांनी लिहा. फायदे पण सांगा, तोटे पण सांगा.

---

अथणीवाला (सोमवार, रात्री १०:२५)

अण्णा, मी तीन वर्षं सोलरवर आहे. बोरवर पाच एचपी, ४८०० वॉटची पॅनेलं. जे बघितलं ते सांगतो.

सकाळी आठला पाणी यायला लागतं, बारीक. दहा ते साडेतीन पूर्ण धार. मध्ये एखादा ढग आला की पाइपाची धार डोळ्यादेखत आखडते, ढग गेला की परत उसळते. सुरुवातीला मला वाटायचं मोटर बिघडली. रात्रीची जागरणं संपली, हा सगळ्यात मोठा फायदा. माझी बायको म्हणते तीन वर्षांत मी पहिल्यांदा माणसात आलो.

आता तोटे. आमच्याकडं धूळ लई. मका काढणीच्या दिवसांत पॅनेलवर असा थर बसतो की बोटानं नाव लिहावं. आठवड्याला धुवायला लागतं, तेही सकाळी काच गार असताना. एकदा केबल चोरीला गेली. एकदा कंट्रोलर बिघडला आणि दुरुस्तीला माणूस यायला अठरा दिवस लागले, तेही भर एप्रिलमध्ये. त्या अठरा दिवसांत शेजाऱ्याचं डिझेल इंजिन भाड्यानं आणून बाग जगवली. म्हणून इंजिन भंगारात घालू नका एवढं हात जोडून सांगतो.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही. पूर्वी सात तासांच्या करंटमुळं का होईना, उपशाला लगाम होता. आता ऊन आहे तोवर मोटर चालू. बिल नाही, डिझेल नाही, बंद करायचं कारणच नाही. आमच्या पट्ट्यात सोलर वाढले तसे बोर खाली जायला लागले. माझा पाचशे फुटांवरचा बोर मागच्या मे महिन्यात दुपारनंतर फेसाळ पाणी द्यायला लागला. मग मी ठिबक केलं आणि स्वतःच दुपारी दोनला मोटर बंद करायची सवय लावून घेतली.

---

चंदगडी (सोमवार, रात्री १०:५०)

दादा, आमच्या बाजूला महाराष्ट्रात 'मागेल त्याला सौर कृषी पंप' आहे. शेतकऱ्यानं १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के. तुमच्याकडं किती?

आणि रात्रीच्या करंटचं दुखणं आमच्याकडंही तेच. फक्त ट्रान्सफॉर्मर जळाला की तुम्ही टीसी जळाली म्हणता, आम्ही डीपी जळाली म्हणतो.

---

वायरमन_चिकोडी (मंगळवार, सकाळी ६:५५)

कर्नाटकात कुसुमच्या पंपाला केंद्राचे ३० टक्के, राज्याचे ५० टक्के, शेतकऱ्याचे २०. लाईनपासून ५०० मीटरच्या पलीकडं पंप असेल तर नवीन कनेक्शनऐवजी सोलरच द्यायचं असं धोरण आहे. मलप्रभाकाठ, तुमच्या नदीवरच्या जागेपासून लाईन किती लांब आहे ते आधी मोजा.

दुसरं, "पाच एचपीच पाहिजे" हे डोक्यातनं काढा. आमच्याकडं लोक करंट कमी दाबानं येतो म्हणून सवयीनं मोठी मोटर घालतात. सोलरला तसं चालत नाही. पाणी किती उंच चढवायचं आहे, पाइप किती लांब, किती इंची, यावर एचपी ठरतो. नदीतनं उचल कमी असेल तर तीन एचपी पुरेल आणि पैसेही कमी जातील.

तिसरं, पॅनेलचा सांगाडा बैलगाडीत घालून नेता येत नाही. एकदा काँक्रीटमध्ये बसला की बसला. पुराची रेघ बघूनच जागा धरा.

---

नववी_ब_ची_मॅडम (मंगळवार, दुपारी ४:१५)

मी बेळगावात मराठी माध्यमाच्या हायस्कूलला विज्ञान शिकवते. "खनिज इंधने व अपारंपरिक ऊर्जास्रोत: फायदे-तोटे" हा प्रश्न दरवर्षी येतो, मुलं चार ओळी इकडच्या आणि चार तिकडच्या पाठ करून लिहितात. यंदा तुमचंच गणित फळ्यावर घेणार आहे.

एक लिटर डिझेलमध्ये साधारण दहा युनिट उष्णता असते. इंजिन त्यातली तिसरा हिस्सा कामाला लावतं, बाकी धुराड्यातून आणि पाण्याच्या डब्यातून निघून जाते. म्हणजे लिटरमागे तीन-सव्वातीन युनिट हाती आली. पाच किलोवॉटची पॅनेलं स्वच्छ उन्हात दिवसाला वीसेक युनिट देतात. म्हणजे पॅनेलांचा एक चांगला दिवस म्हणजे तुमच्या इंजिनाचे सहा तास. बरोबरीची जोडी आहे.

फरक आहे तो साठ्याचा. कोळसा काय, तेल काय, कोट्यवधी वर्षांपूर्वीचं ऊनच आहे. आपल्या देशातला बहुतेक दगडी कोळसा पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलांचा. ते ऊन दाबून, साठवून, जड करून ठेवलेलं आहे. कॅनमध्ये भरून सायकलीला अडकवून नेता येतं आणि रात्री दोनलाही वापरता येतं. तुमच्या वडिलांचा इंजिनावर जीव आहे तो त्यामुळेच असणार. आजचं ऊन मात्र आजच वापरायला लागतं, नाहीतर साठवायची वेगळी सोय करायला लागते, आणि सोयीला पैसे पडतात.

मुलांना दरवर्षी चकित करणारी गोष्ट: एक लिटर डिझेल वजनाला एक किलोही भरत नाही, पण जळल्यावर त्यातून सुमारे पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. मुलं म्हणतात मॅडम, एका किलोतून पावणेतीन किलो कसं? हवेतला ऑक्सिजन येऊन जोडला जातो म्हणून. मग वर्ग एकदम शांत होतो. धूर हलका असतो असं आपण सगळेच धरून चाललेलो असतो.

---

उद्यमबाग_भट्टी (मंगळवार, रात्री ८:३०)

शेतीपंपापुरतं सोलर मान्य. खरं कारखान्याचं पण कुणीतरी बोलायला पाहिजे.

मी बावीस वर्षं फौंड्रीत आहे. आधी क्युपोलावर, म्हणजे कोकवर (भाजलेल्या दगडी कोळशावर) चालणाऱ्या भट्टीवर होतो. टनभर लोखंड वितळवायला शंभर-दीडशे किलो कोक लागायचा. चार्जिंगला वर उभं राहिलं की तोंडावर झळ आणि नाकात गंधकाचा वास. घरी येऊन नाक शिंकरलं तर काळं. आता इंडक्शनवर, म्हणजे विजेच्या भट्टीवर आहे. धूर नाही, माप अचूक, मालाचा दर्जा चांगला. टनाला सहाशेच्या आसपास युनिट जातात.

लोक म्हणतात बघा, कोळसा गेला, वीज आली, प्रश्न मिटला. मला सांगा, ती वीज रात्रपाळीला कुठनं येते? आमचं मेल्टिंग रात्री जास्त, कारण दर कमी पडतो. रात्री ऊन नाही. वारा असला तर असला. म्हणजे माझ्या नाकातला कोळसा फक्त रायचूर-कुडगीच्या वीजकेंद्रांत गेला.

आणि करंट मधेच गेला तर काय होतं ते डोळ्यांनी बघितलंय. वळवाच्या पावसात एका रात्री वितळलेला माल भट्टीत असताना लाईन गेली. जनरेटरवर फक्त गार पाण्याचा पंप चालतो, भट्टी चालत नाही. पंधरा मिनिटांत वर साय धरल्यासारखी कातडी आली. अर्धा माल आम्ही लेडलनं बाहेर काढला, बाकीचा आतच थिजला. दुसऱ्या दिवसापासून चार दिवस ब्रेकर लावून फोडत होतो, लाईनिंग सगळं वाया. धातूला ढग आलाय हे कळत नाही. आम्हाला खात्रीचा करंट लागतो, आणि आज तरी तो खात्रीचा करंट मुख्यतः कोळशावर आणि पाण्यावर उभा आहे.

---

लोंढा_जंक्शन (मंगळवार, रात्री ९:४५)

भट्टीवाले दादा, तुमचं म्हणणं खोटं नाही. आता माझ्या खिडकीतनं बघा.

रेल्वेतनं निवृत्त झालो, घर लाईनीला लागून. गोव्याच्या मुरगाव बंदरावर उतरलेला परदेशी कोळसा कुळे, कॅसलरॉक, तिनईघाट करत आमच्या लोंढ्यावरनं बळ्ळारीकडच्या पोलाद कारखान्यांना जातो. घाटात चढ ३७ ला १. सदतीस फूट पुढं गेलं की एक फूट वर. गाडीला मागनं पण इंजिनं लावून रेटायला लागतात. आयुष्यभर त्या गाड्यांना सिग्नल दिले, त्यावर मुलं शिकवली, म्हणून मला कोळशाला शिव्या द्यायच्या नाहीत.

खरं मार्च-एप्रिलच्या वाऱ्यात अंगणातली तुळस सकाळी पुसून घ्यायला लागते. पांढरा सदरा वाळत घालायचा तर गाडीची वेळ बघून. नातवाला खोकला लागला की सून माझ्याकडं बघते, जणू ती गाडी मीच आणली.

या मार्गाच्या दुपदरीकरणावर गोव्यात केवढं आंदोलन झालं ते आठवत असेल. लोक रात्री रुळांवर जाऊन बसले होते. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिनईघाट ते कुळे या टप्प्याची वन्यजीव मंजुरी रद्द केली. जंगल आमचंच, घाट आमचाच. कोळशाचं पोलाद होतं तिकडं, वीज जळते शहरात, राख पडते प्रकल्पाजवळच्या गावात, आणि काजळी आमच्या तुळशीवर. युनिटच्या दरात ही तुळस कुठं धरली आहे सांगा.

---

नववी_ब_ची_मॅडम (मंगळवार, रात्री १०:१०)

काका, तुमच्या प्रश्नाला जोडून एक आकडेमोड. विजापूर जिल्ह्यातल्या कुडगीचा प्रकल्प २४०० मेगावॉटचा, ८०० चे तीन संच. पूर्ण क्षमतेनं चोवीस तास चालला तर पावणेसहा कोटी युनिट. युनिटला सहाशे ग्रॅमच्या वर कोळसा धरला तर दिवसाला पस्तीस हजार टन, म्हणजे आठ-दहा मालगाड्या. आपल्या देशातल्या कोळशात राख तीस-चाळीस टक्के, म्हणजे रोज दहा हजार टनांच्या वर राख. त्यातली बरीच सिमेंटला आणि विटांना जाते, तरी ढीग राहतोच. वाफ आणि थंडाव्यासाठी पाणी अलमट्टीच्या जलाशयातून.

आणि भट्टीवाले दादा, तुमच्या मुद्द्यात एक भेद करते. वितळवणं विजेवर होतं, ते कुठल्याही विजेवर होईल. पण खनिजापासून नवं लोखंड काढायला कोक लागतो तो नुसता उष्णतेसाठी लागत नाही, लोहखनिजातला ऑक्सिजन ओढून काढायला कार्बन लागतो. लोंढ्यावरून जाणारा कोळसा त्या कामाचा आहे. तिथं पॅनेल लावून भागणार नाही. तुम्ही भंगार वितळवता, म्हणजे तेवढा कोक वाचवता.

---

रामनगर_सुपा (बुधवार, सकाळी ११:२०)

पहिल्यांदाच लिहितोय. वरती "कोळशावर आणि पाण्यावर" असं एका दमात आलं म्हणून लिहावंसं वाटलं.

आम्ही मूळ सुप्याचे. काळी नदीवर धरण झालं, सुपा पाण्याखाली गेलं, आणि आम्हाला रामनगरला आणून बसवलं. तालुक्याचं नाव पण सुप्याचं जोयडा झालं. आजी सांगायची, घर सोडताना तिनं उंबरठ्याचं लाकूड उपसून बरोबर आणलं. ते अजून आमच्या न्हाणीच्या दाराला आहे. घरात उंबरठा म्हणून बसवलं नाही, ती बसवू देत नव्हती. का, ते तिनं कधी सांगितलं नाही.

जलविद्युत स्वच्छ. धूर नाही, राख नाही, बटण दाबलं की मिनिटांत संच सुरू, संध्याकाळी शहरं उजळली की काळी नदीचंच पाणी टर्बाइनवर जातं. सगळं खरं. खरं काळीवरच्या नागझरीच्या वीजघरात वीज तयार होत असताना आमच्या नव्या वस्तीत कित्येक वर्षं रॉकेलच्या चिमण्या होत्या. मोबदल्यासाठी वडिलांच्या चपला झिजल्या. पुस्तकात जलविद्युतच्या तोट्यात "विस्थापन" असा एक शब्द असतो. मॅडम, मुलांना तो शब्द शिकवाल तेव्हा एवढं सांगा की रामनगर इथंच आहे, लोंढ्याच्या पुढं.

---

नववी_ब_ची_मॅडम (बुधवार, सायंकाळी ५:४०)

सांगेन. मुलांना घेऊन येईन, तुमची हरकत नसेल तर.

---

वेदगंगा (बुधवार, रात्री ९:०५)

निपाणीकडची आहे मी. बायकांच्या बाजूनं पण थोडं लिहिते, कारण चूल कुणी धरत नाही हिशेबात.

माझ्या सासूबाईंचं आयुष्य तंबाखूच्या खोडक्या आणि उसाचं पाचट जाळण्यात गेलं. खोडक्या, चिपाड, शेणी म्हणजे कागदावर "अपारंपरिक" आणि "नूतनीकरणक्षम" ऊर्जाच. डोळ्यांनी आंधळ्या झाल्यासारख्या व्हायच्या स्वयंपाक करताना. आणि गॅस सिलिंडर म्हणजे खनिज इंधन, पण त्यानंच आमची फुप्फुसं वाचवली. म्हणून "खनिज वाईट, नूतनीकरणक्षम चांगलं" असं मला एका ओळीत म्हणता येत नाही.

आमच्याकडं आता गोबरगॅस आहे, दोन घनमीटरचा. चार जनावरं आहेत, रोज सकाळी चार बुट्ट्या शेण, तेवढंच पाणी, हातानं कालवून गुठळ्या मोडायच्या आणि कुंडीत सोडायचं. पाच माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक होतो. ज्योत निळी, भांडं काळं होत नाही. मागच्या बाजूनं मळी बाहेर पडते ती ज्वारीला घालते, शेणखतापेक्षा लवकर लागू पडते. थंडीत मात्र गॅस मंदावतो. डिसेंबरमध्ये संध्याकाळच्या भाकरी अर्ध्या गोबरगॅसवर आणि अर्ध्या सिलिंडरवर. आणि जनावर विकलं की गॅस विकला, हे धरून चाला. वस्तीत निम्म्या घरांचे डोम रिकामे पडलेत, कारण शेण कालवायला आणि जनावरं राखायला घरात माणूस नाही. अनुदान मिळून डोम बांधला जातो, शेण मात्र रोज कुणाला तरी, म्हणजे घरातल्या बाईलाच, कालवायला लागतं.

इथेनॉलचं पण बोलते, कारण आमचा ऊस त्याच्यात जातो. वीस टक्के मिश्रणाचं पेट्रोल आलं. इथेनॉलला पेट्रोलपेक्षा ऊर्जा तिसऱ्या हिश्शानं कमी, म्हणजे गाडीचं ॲव्हरेज थोडं घटणारच, ते आमच्या घरच्या स्कूटरवर दिसतंय. तरी परदेशी तेलाचे पैसे काही प्रमाणात आपल्या शिवारात येतात, ते चांगलंच. खरं डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून रसापासनं इथेनॉल करण्यावर सरकारनं एकाएकी निर्बंध आणले, ते पुढच्या ऑगस्टात उठले. कारखान्यांनी त्यासाठी कर्ज काढून यंत्रं बसवली होती, आणि त्याचा ताण शेवटी उसाच्या बिलाच्या तारखेवर आला. ऊस म्हणजे पाणी. पाऊस कमी झाला की साखर, इथेनॉल आणि चिपाडावरची वीज, तिन्ही एकदम आखडतात. चिपाडावरची वीज पण गाळप हंगामात, दिवाळीनंतर चार-पाच महिने. बाकीच्या दिवसांत बॉयलर गप्प, नाहीतर काही ठिकाणी त्याच बॉयलरमध्ये कोळसा.

---

अथणीवाला (बुधवार, रात्री ९:५०)

वहिनी, उसाचं पाणी हा मुद्दा लाखातला. आमच्या पूर्व भागात टँकर चालू असताना मी सोलरवर ऊस लावलेला बघितलाय.

घरच्या छतावर सोलर कुणी बसवलंय काय? मला पंपाचा अनुभव आहे, घराचा नाही.

---

नववी_ब_ची_मॅडम (बुधवार, रात्री १०:३०)

आम्ही विचार करून थांबलो. केंद्राच्या सूर्यघर योजनेत एका किलोवॉटला ३०,०००, दोनला ६०,०००, तीन आणि पुढं ७८,००० रुपये अनुदान आहे. पण कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती आहे. २०२२-२३ च्या सरासरीवर दहा टक्के वाढवून, २०० युनिटच्या आत, वीज मोफत. आमचं महिन्याला ११० युनिट, बिल शून्य. शून्य बिलावर पॅनेल बसवून काय वाचवायचं? माझ्यासारख्या घरांना बिल वाचवण्यासाठी छतावर सोलर बसवायचं कारण उरलेलं नाही. फुकट वीज गरिबाच्या घरी पोचली याचा मला आनंद आहे, माझ्याकडं काम करणाऱ्या मावशींच्या घरी पंखा लागला तो त्यामुळं. पण माझ्यासारख्या पगारदाराच्या शून्य बिलाचे पैसेही कुणीतरी भरतंच आहे.

दुसरं, लोकांचा गैरसमज असतो की पॅनेल असलं की लाईट जात नाही. ऑन-ग्रिड, म्हणजे सरकारी लाईनला जोडलेलं सोलर, लाईन गेली की आपोआप बंद होतं. खांबावर चढलेल्या लाईनमनला उलट्या करंटचा धक्का बसू नये म्हणून ती सोय मुद्दाम ठेवलेली असते. भर दुपारी ऊन असूनही घरात अंधार. तसं नको असेल तर बॅटरी घ्या, आणि मग खर्च वाढतो.

गरम पाण्याचं सोलर मात्र डोळे झाकून बसवा. आमच्याकडं चौदा वर्षं चाललंय. तांब्याचा बंब आता तुळशीजवळ आहे, त्यात शेवंती लावली आहे.

---

उद्यमबाग_भट्टी (बुधवार, रात्री १०:५५)

लोंढ्याच्या काकांना उत्तर द्यायचं राहिलं होतं. काका, दोन दिवस तुमच्या तुळशीचं डोक्यात होतं. आमच्या मालकांनी शेडवर पॅनेलं घातली आहेत. दिवसपाळीचं मशीनशॉप, लाईट, कॉम्प्रेसर त्याच्यावर जातं, भट्टी नाही. आज सुपरवायझरला विचारलं की दर जुळला तर एक मेल्ट दुपारी घेता येईल काय. म्हणाला, बोलून बघतो. सौंदत्तीकडच्या वाऱ्याच्या विजेचा करार करणारे पण कारखाने आहेत. वारा आपल्याकडं जून ते सप्टेंबर जोरात, म्हणजे नेमका ऊन नसतं तेव्हा. ते दोन्ही एकमेकाला धरून चालले तर कोळसा कमी होईल. पूर्ण जाईल असं मी म्हणत नाही.

---

वायरमन_चिकोडी (गुरुवार, सकाळी ६:४०)

सौंदत्तीचं नाव निघालं म्हणून. मलप्रभेवरच्या रेणुकासागर धरणाजवळ पंप्ड स्टोरेजचा मोठा प्रकल्प घातलाय. दिवसा सोलर-वाऱ्याची वीज जादा असते तेव्हा पाणी वरच्या तलावात चढवायचं, संध्याकाळी मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून टर्बाइन फिरवायचं. शंभर युनिट घातली तर पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात. बाकी पंपात, पाइपात गेली. तरी बरंच.

मलप्रभाकाठ, हेच तुमच्या शेतात करा. बॅटरीच्या नादाला लागू नका. वरच्या तुकड्यात हौद बांधा, नाहीतर शेततळं घ्या. दिवसभर सोलरनं नदीचं पाणी वर चढवा, आणि सोयीच्या वेळी उतारानं उसाला सोडा. रात्री दोनचं उठणं बंद. बोरवरची करंटची मोटर अडीअडचणीला ठेवा, बोरलाही विसावा मिळेल. पावसाळ्यात तुमच्या कणकुंबी-जांबोटीकडं चार महिने ऊन दिसत नाही म्हणून सोलर वाईट असं म्हणतात. अहो, त्या चार महिन्यांत उसाला पाणी कुणी पाजतंय? घराच्या लाईटला तो तोटा आहे, पंपाला नाही.

इंजिन ठेवा. महिन्यातनं एकदा पंधरा मिनिटं चालवा, नाहीतर नोझल धरून बसतं.

---

मलप्रभाकाठ (रविवार, रात्री ८:१५)

सगळ्यांचं परत परत वाचलं. पोरानं मोठ्यानं वाचलं आणि वडिलांनी ऐकलं. सुप्याच्या दादांचं वाचताना त्यांनी त्याला दोनदा थांबवलं.

आज सकाळी तिघंही शेतात गेलो. गवंडी वापरतात ती पाण्याची नळी घेऊन उंची काढली. नदीच्या उन्हाळी पातळीपासून वरच्या तुकड्याच्या माथ्यापर्यंत बावन्न फूट, पाइप सहाशे फुटांच्या आत. लाईन तिथनं किती लांब तेही मोजलं. चिकोडीच्या दादांना हे आकडे पाठवले, त्यांनी तीन एचपी पुरेल म्हणून सांगितलं. हौद वर बांधायचा ठरलं. एका एकरातला ऊस कमी करून तिथं रताळी वाढवायची, हे अथणीवाल्यांचं वाचून पोरानंच काढलं.

राहिला प्रश्न पॅनेल कुठं बसवायचं. पोरगा म्हणाला काठाजवळ, केबल कमी लागेल. वडील काही न बोलता काठावरच्या जांभळीपाशी गेले आणि खोडावर हात ठेवला. छातीच्या वर, साल थोडी फिकट आहे तिथं. "एकोणीसला पाणी इथवर होतं," म्हणाले. मग तिथनं पावलं मोजत वर चढत गेले, एकवीस पावलं, आणि बांधावर विळा रोवून आले.

केबल जास्त लागेल. लागू दे. इंजिन काठावरच आहे, अर्ज उद्या भरतोय.